अनेक वेशींचे गाव

संगणकाच्या तासाला नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, जीमेलचा मालक गूगल. मग ई-मेलचा मालक कोण?"

मी म्हटले, "कुणीच नाही." वर्गाला ते पटले नाही. ज्याला मालक नाही ते चालते कसे, असा एक प्रश्न आला. मागच्या बाकावरून दुसरा आला, "मग तिथे कुणी घाणेरडं लिहिलं तर नाव कुणाला सांगायचं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच तासाला देता आले. दुसऱ्याचे उत्तर पाच मिनिटांत सांगण्यासारखे नाही, आणि ते केवळ संगणक या विषयातलेही नाही. म्हणून नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनीही हा लेख वाचावा, अशी विनंती आहे.

आधी पहिला प्रश्न. साताऱ्याहून बर्लिनला पत्र टाकायचे तर आपण तिकीट लावतो भारतीय टपाल खात्याचे. बर्लिनमध्ये ते पत्र घरी आणून देणारा पोस्टमन मात्र तिकडच्या टपालसेवेचा नोकर. त्याच्यावर आपल्या खात्याची काहीही सत्ता नाही, तरी तो पत्र पोचवतो. कारण १८७४ साली बर्न येथे अनेक देशांनी एक करार केला. एकमेकांची पत्रे आपापल्या हद्दीत पोचवायची, असे ठरले. त्यातून उभी राहिलेली जागतिक टपाल संघटना आजही काम करते आहे. खाती स्वतंत्र, पत्र एकमेकांच्या हाती देण्याची रीत समाईक. अशा रचनेला संघीय रचना म्हणतात.

ई-मेलचे तसेच आहे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह घातले. एका संगणकाने दुसऱ्याच्या हाती संदेश कसा द्यायचा याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. हे नियम पाळणारा संगणक कुणीही उभारू शकतो: कंपनी, विद्यापीठ, एखादी हौशी व्यक्तीसुद्धा. ई-मेलला मालक नाही, नियम मात्र आहेत.

ई-मेल बहुधा ओळखीच्या दोघांतला व्यवहार असतो. शेकडो अनोळखी माणसांनी जमून बोलायचे म्हटले की गोष्ट बदलते. त्यासाठी गेली पंधरा-वीस वर्षे आपण बहुतेक सगळे एकेका मालकाच्या वाड्यात जाऊन बसलो. फेसबुक हा एक वाडा. एक्स, म्हणजे जुलै २०२३ पर्यंतचे ट्विटर, हा दुसरा. प्रत्येक वाड्याला दरवाजा एक आणि किल्ली मालकाकडे. फेसबुकवरच्या माणसाला तिथूनच एक्सवरच्या माणसाशी बोलता येत नाही. ई-मेलच्या बाबतीत असे झाले असते तर आपण ते एक दिवसही चालवून घेतले नसते.

या वाड्यांना पर्याय म्हणून टपालासारखीच संघीय रचना काही लोकांनी उभी केली. तिला 'फेडिव्हर्स' म्हणतात. तिच्यातला सर्वांत परिचित भाग म्हणजे मॅस्टोडॉन. ऑयगेन रोचको या जर्मनीतल्या तरुणाने तो २०१६ मध्ये सुरू केला. वेबची मानके ठरवणाऱ्या 'डब्ल्यू थ्री सी' या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये 'ॲक्टिव्हिटीपब' नावाची नियमावली मान्य केली. तीच आज या जगाची समाईक भाषा आहे. छायाचित्रांसाठी पिक्सेलफेड, चित्रफितींसाठी पीअरट्यूब, विषयवार चर्चांसाठी लेमी, अशा निरनिराळ्या प्रणाली ती भाषा बोलतात.

भारतात अनेकांनी मॅस्टोडॉनचे नाव पहिल्यांदा ऐकले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले होते. नाझी सलामी न देता हाताची घडी घालून उभ्या असलेल्या एका माणसाचे जुने छायाचित्र त्यांनी लावले होते, तेच कंपनीच्या यंत्रणेला आक्षेपार्ह वाटले. त्या रागाने बरेच भारतीय लोक मॅस्टोडॉनवर गेले. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ईलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले, तेव्हा तर जगभरातून लोंढा आला. मॅस्टोडॉन वापरणाऱ्यांची मासिक संख्या सुमारे ३ लाखांवरून महिन्या-दोन महिन्यांत २५ लाखांच्या आसपास गेली. यातले बरेच लोक पुढे परतही गेले, पण तो भाग वेगळा.

संदेश कसा जातो

पुढचे सारे समजायला हा भाग नीट पाहावा लागेल. समजा, मीराचे खाते पुण्यातल्या एका सर्व्हरवर आहे आणि योहानचे जर्मनीतल्या. सर्व्हर म्हणजे सतत चालू असणारा, अनेकांची खाती सांभाळणारा संगणक. मीराच्या पत्त्यात तिचे नाव आणि तिच्या सर्व्हरचे नाव, दोन्ही असतात. जसे आपल्या पत्त्यात गाव असते. योहान मीराचे लेखन 'फॉलो' करतो, म्हणजे त्याचा सर्व्हर मीराच्या सर्व्हरला कळवतो, "हिने काही लिहिले की आमच्याकडे पाठवत जा." मीरा लिहिते. तिचा सर्व्हर त्या मजकुराची एक प्रत योहानच्या सर्व्हरकडे पाठवतो. योहान वाचतो ती ही प्रत, त्याच्याच सर्व्हरवर ठेवलेली.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की मीराचे अनुयायी वीस सर्व्हरवर असतील तर तिच्या एका ओळीच्या वीस प्रती वीस ठिकाणी पडलेल्या असतात. तिने ती ओळ पुसली, तर तिचा सर्व्हर त्या विसांना 'ही काढून टाका' असा निरोप धाडतो. बहुतेक सर्व्हर तो मानतात. पण तो निरोपच आहे. तो न मानणाऱ्यावर मीरा किंवा तिचा सर्व्हर जबरदस्ती करू शकत नाही.

दुसरी गोष्ट मुलांना सांगितली की त्यांचे डोळे विस्फारतात. या जगात 'सगळे' दिसेल अशी एकही जागा नाही. एखाद्या सर्व्हरवर बाहेरचा तेवढाच मजकूर येतो, जेवढा तिथल्या कुणी ना कुणी मागवला आहे. म्हणून पुण्यातल्या सर्व्हरवरून दिसणारे फेडिव्हर्स आणि जर्मनीतल्या सर्व्हरवरून दिसणारे फेडिव्हर्स सारखे नसते. खेडेगावाच्या टेकडीवरून सारे गाव दिसते. तशी टेकडी इथे नाही.

किल्ली कोणाकडे?

आता मागच्या बाकावरचा प्रश्न. वाईट वागणाऱ्याचे नाव कुणाला सांगायचे?

प्रत्येक सर्व्हरवर काही माणसे देखरेख करतात. इंग्रजीतला मॉडरेटर हा शब्द रुळला आहे. आपण नियामक म्हणू. वाड्याच्या मालकाप्रमाणे या नियामकाला माणूस साऱ्या जगातून हाकलता येत नाही. त्याची सत्ता त्याच्या वेशीपाशी संपते. मात्र वेशीच्या आत त्याच्याकडे बरेच काही करण्यासारखे असते. आपल्या सर्व्हरवरच्या खात्याला तो ताकीद देऊ शकतो, मजकूर काढू शकतो, खाते गोठवू शकतो, शेवटी बंद करू शकतो. मॅस्टोडॉनमध्ये बंद केलेल्या खात्याची माहिती तीस दिवस ठेवली जाते. त्या मुदतीत निर्णय फिरवता येतो. २०२२ पासून खातेदाराला निर्णयाविरुद्ध अपीलही करता येते. अर्थात अपील ऐकणारे तेच नियामक मंडळ, हे दुखणे आहेच.

वाईट वागणारा दुसऱ्या सर्व्हरवरचा असेल तर? समजा, योहानच्या सर्व्हरवरचा कुणी मीराला त्रास देतो. मीरा आपल्या नियामकाकडे तक्रार करते. तिची इच्छा असेल तर तीच तक्रार त्या दुसऱ्या सर्व्हरकडेही जाते. मॅस्टोडॉनमध्ये ती मीराच्या नावाने जात नाही, सर्व्हरच्या नावाने जाते, म्हणजे तक्रार करणाऱ्यावर डूख धरला जाऊ नये. तिकडचा नियामक चांगला असेल तर तो आपल्या माणसाला आवरतो आणि प्रकरण तिथेच मिटते. त्याने आवरले नाही, तर मीराचा नियामक त्या एका खात्याला आपल्या वेशीवर अडवू शकतो. तो त्रासदायक माणूस तिकडे लिहीतच राहील, फक्त त्याचे लिहिणे इकडे पोचणार नाही.

आणि तिकडच्या सर्व्हरवर अशी माणसे पुष्कळ असली, तिथला नियामक दखलच घेत नसला, किंवा तो स्वतःच त्यांच्यातला असला तर? मग राहते शेवटची पायरी, त्या अख्ख्या सर्व्हरशी संबंध तोडणे. जुलै २०१९ मध्ये याची मोठी कसोटी लागली. द्वेषमूलक लेखनाला थारा देणारी म्हणून बदनाम झालेली 'गॅब' ही अमेरिकी सेवा मॅस्टोडॉनची प्रणाली घेऊन या जगात उतरली. प्रणाली मुक्त परवान्याची असल्याने तिला तसे करण्यापासून रोचको यांनाही रोखता येत नव्हते. पण असंख्य सर्व्हरांनी आपापले दार लावून घेतले. कुणी तसा हुकूम काढला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या वहीत निर्णय लिहिला. गॅब चालूच राहिले, शेजाऱ्यांच्या अंगणात मात्र त्याचा आवाज पोचला नाही.

हे वाचून 'झाले, प्रश्न सुटला' असे वाटण्याचा संभव आहे. गॅबचे प्रकरण सोपे होते. अवघड प्रकरणे दुष्ट शेजाऱ्याची नसतात, चांगल्या पण गर्दीच्या शेजाऱ्याची असतात.

बीहॉने दार लावले तेव्हा

रेडिट ही विषयवार चर्चांची एक मोठी अमेरिकी सेवा आहे. बाहेरच्या लोकांनी केलेल्या ॲपना तिने १ जुलै २०२३ पासून जबर शुल्क लावायचे ठरवले. निषेध म्हणून १२ जूनपासून तिथल्या हजारो चर्चागटांनी आपली दारे बंद ठेवली. अनेक लोक दुसरी जागा शोधू लागले आणि लेमीकडे वळले. लेमीवर मॅस्टोडॉनसारखेच अनेक स्वतंत्र सर्व्हर आहेत.

त्यांतला एक होता 'बीहॉ'. चांगले वागा, एवढाच त्याचा मुख्य नियम. तिथे खाते हवे तर अर्ज करावा लागे. आपण इथे का येऊ इच्छिता हे चार ओळींत लिहावे लागे, आणि कुणीतरी ते वाचून परवानगी देई. याउलट 'लेमी.वर्ल्ड' हा नवा सर्व्हर आणि आणखी एक मोठा सर्व्हर यांनी नोंदणी खुली ठेवली होती. नाव घाला आणि आत या. लोंढा साहजिकच तिकडे गेला, आणि खुल्या दाराने आत आलेले लोक तिथून सरळ बीहॉवरच्या चर्चांत उतरले. संघीय रचनेत ते शक्यच असते. म्हणजे बीहॉने आपल्या दारावर चाळणी लावली होती, पण शेजाऱ्याचे दार सताड उघडे होते आणि दोन्ही घरांमध्ये वाट होती.

बीहॉ सांभाळणारे चार जण होते. चौघेही स्वतःच्या वेळात हे काम करत. येणाऱ्यांतले बहुतेक लोक सभ्य होते. पण शेकड्यात एकदोघे जरी उपद्रवी असले आणि शेकडेच वाढत गेले, तर चौघांच्या वाट्याला येणारे काम किती वाढते हे गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको. शिवाय त्या वेळच्या लेमीत मधल्या पायऱ्या जवळजवळ नव्हत्या. 'या सर्व्हरवरून येणारे लेखन आधी आम्ही वाचू, मग दाखवू' अशी सोय नव्हती. वाट उघडी ठेवणे किंवा पूर्ण बंद करणे एवढेच हातात होते. जूनच्या मध्यावर बीहॉने त्या दोन्ही सर्व्हरांशी संबंध तोडले, आणि त्याची कारणे सर्वांना वाचता येतील अशी मांडली. हा त्या लोकांवरचा निवाडा नाही, आमच्याकडे हात आणि अवजारे कमी आहेत, असा त्याचा मथितार्थ होता.

त्यानंतर जे झाले ते तांत्रिकदृष्ट्या फार पाहण्यासारखे आहे. लेमीवर प्रत्येक चर्चागटाचे एक माहेर असते. गटात कुणी काही लिहिले की ते आधी माहेरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून इतरांना वाटले जाते. बीहॉवरच्या गटांच्या प्रती लेमी.वर्ल्डवर आधीच साठलेल्या होत्या. वाट बंद झाल्यावर त्या नाहीशा झाल्या नाहीत. लेमी.वर्ल्डवरच्या माणसाला तो गट पूर्वीसारखाच दिसे. त्याने उत्तर लिहिले तर तेही पडद्यावर उमटे. पण ते माहेरी पोचत नव्हते, म्हणून पुढे वाटलेही जात नव्हते. त्याच्याच सर्व्हरवरचे चार लोक ते वाचत, कधी त्यावर बोलतही. आणि आपण बीहॉच्या लोकांशी बोलत आहोत असे त्यांना वाटे.

याहून गमतीचा प्रकार तिसऱ्या सर्व्हरवर घडे. बीहॉची सुधा आणि लेमी.वर्ल्डचा सुधीर (नावे सोयीची) एका तिसऱ्याच सर्व्हरवरच्या गटात आले, तर तिथल्या यजमानाला दोघांचेही बोलणे दिसे. सुधाला मात्र सुधीर दिसत नसे. चर्चा एक, पण ती वाचणाऱ्याच्या घरावर अवलंबून. आपल्याकडे दोन भावांत अबोला असताना तिसऱ्याच्या घरच्या लग्नात दोघेही हजर असतात, त्याची आठवण होते. फरक एवढाच, की भावांना आपण अबोला धरला आहे हे ठाऊक असते.

बीहॉने बरोबर केले का? त्यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. माझे मत असे, की चार माणसांना झेपेल तेवढेच दार उघडे ठेवणे हा त्यांचा हक्क होता, आणि कारण जाहीरपणे सांगणे हे कर्तव्य त्यांनी पार पाडले. पण ज्या हजारो लोकांनी काहीच वावगे केले नव्हते त्यांचीही वाट बंद झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि संघीय व्यवस्थेतला कोणताही नियामक हा हिशेब टाळू शकत नाही. मलाही तो चुकला नाही.

माझ्या हातून झालेली चूक

शिक्षकांच्या एका छोट्या सर्व्हरवर मी काही काळ नियामकाचे काम पाहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये साऱ्या फेडिव्हर्सवर कचरा-संदेशांची लाट आली. कुणीतरी यंत्राकरवी शेकडो खाती उघडत होते आणि सापडेल त्याला तोच तो मजकूर आणि डबाबंद मांसाच्या डब्याचे चित्र पाठवत होते. ती खाती निघत होती छोट्या, बेवारशी पडलेल्या सर्व्हरांवर. हौसेने सुरू केलेले, नोंदणी खुली, आणि लक्ष द्यायला कुणी नाही.

एका रात्री अकरानंतर आमच्याकडे तक्रारींचा ढीग लागला. मी यादी करून एकेक सर्व्हर बंद करत गेले. झोपताना बरे वाटले. सकाळी आमच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा निरोप होता. एका परदेशी पक्षीनिरीक्षकाशी त्यांचा दोन-तीन वर्षांचा संवाद होता; त्यांच्या गच्चीवरचे पक्षी आणि त्याच्या तळ्यावरचे पक्षी. "तो माझ्या यादीतून गेला," त्यांनी लिहिले होते. "माझं काही चुकलं का? रागावला असेल का?"

त्याचा सर्व्हर माझ्या रात्रीच्या यादीत होता. बेवारशी नव्हता, सांभाळणारा दोन दिवस कुठे गेला होता, इतकेच. मी तातडीने बंदी उठवली. पण मॅस्टोडॉनमध्ये सर्व्हर पूर्ण बंद केला की दोन्हीकडच्या लोकांचे फॉलोचे धागे तुटतात, आणि बंदी उठवल्याने ते परत जुळत नाहीत. प्रत्येकाने प्रत्येकाला पुन्हा शोधायचे. त्यांना सापडला. ज्यांनी मला विचारले नाही त्यांचे काय झाले, ते कळायला मार्ग नाही, कारण त्या काळी धागा तुटल्याचे प्रणाली कुणाला सांगतही नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ४.३ या आवृत्तीपासून ती सांगते, आणि तुटलेल्या संबंधांची यादी उतरवून घेता येते.

मधली पायरी उपलब्ध होती. सर्व्हरला पूर्ण बंद न करता 'मर्यादित' करता येते. मग त्याच्यावरचा मजकूर अनोळखी लोकांपुढे येत नाही, पण आधीपासून फॉलो करणाऱ्यांचे धागे शाबूत राहतात. रात्री अकरा वाजता मला ती आठवली नाही.

त्या लाटेनंतर मॅस्टोडॉनच्या कर्त्यांनी एक साधा उपाय केला, तो मला आवडला. एखाद्या सर्व्हरची नोंदणी खुली आहे आणि नियामक आठवडाभर फिरकला नाही, तर नोंदणी आपोआप 'परवानगीने' अशी होते. घरात कुणी नसेल तर दार ओढून घ्यायचे.

यानिमित्ताने एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे प्रश्न नवे नाहीत. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी 'यूजनेट'ची कल्पना मांडली. विद्यापीठांचे संगणक रात्री एकमेकांना फोन लावून चर्चांच्या प्रती देत-घेत. त्यालाही मालक नव्हता. एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी आपल्या व्यवसायाची जाहिरात तिथल्या हजारो गटांत एकदम टाकली, तेव्हा सारे हादरले. ज्या सर्व्हरकडून सतत असा कचरा येतो त्याचे काहीच कुणी पुढे पाठवायचे नाही, अशी सामूहिक शिक्षा तिथे रूढ झाली. तिला चेष्टेने 'यूजनेटचा मृत्युदंड' म्हणत. तीत निरपराध खातेदार भरडले जातात, हा वादही तेव्हाचाच. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या 'फिडोनेट' या हौशी लोकांच्या जाळ्याचे धोरण मला यापेक्षा शहाणपणाचे वाटते. त्याचे सार दोन वाक्यांत होते: दुसऱ्याला फार त्रास देऊ नका, आणि स्वतः फार लवकर त्रासून जाऊ नका. दुसरे वाक्य आपण नेहमी विसरतो.

खातेदाराचे काम

नियामकाविषयी इतके लिहिले, पण या गावात सामान्य रहिवाशालाही वाड्यातल्यापेक्षा जास्त कामे आहेत.

पहिले काम खाते उघडण्याच्या आधीचे. सर्व्हर निवडताना त्याचे नियम वाचावेत, आणि तो कोण चालवते, खर्च कुठून येतो, हे पाहावे. अनेक सर्व्हर वर्गणीवर चालतात. चालवणारा थकला तर सर्व्हर बंद पडू शकतो. खाते दुसरीकडे हलवता येते आणि मॅस्टोडॉनमध्ये अनुयायी आपल्यामागे येतात. जुने लेखन मात्र येत नाही. भारतातून असा सर्व्हर चालवायचा मनात असेल, तर माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे द्यावे लागते. या नियमांत पुढे दुरुस्त्या झाल्या आहेत, तेव्हा सुरुवात करताना चालू नियम पाहूनच करावी.

तक्रार करताना कारण लिहावे. 'हा वाईट आहे' अशा तक्रारीने नियामकाच्या हाती काही लागत नाही. कोणत्या ओळी, त्याआधी काय घडले, आपल्या सर्व्हरचा कोणता नियम मोडला, हे दोन वाक्यांत लिहिले तर अर्धे काम होते. आणि केवळ मत पटले नाही एवढेच असेल, तर तक्रारीची गरजच नाही. आपल्यापुरते त्या व्यक्तीला 'म्यूट' करण्याची सोय असते. त्याला ते कळतही नाही. नियामकाकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच अशा असतात, हे अनुभवाने सांगते.

चित्र टाकताना त्याचे शब्दांत वर्णन द्यायची तिथे चांगली रीत आहे. अंध वाचकाला त्याचा उपयोग होतो. त्रासदायक विषयावर लिहिताना वर एक ओळ इशाऱ्याची ठेवतात, वाचणारा ठरवतो उघडायचे की नाही.

आणि शिक्षकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. 'खासगी' निरोप म्हणून जे दोघांत जाते, ते मॅस्टोडॉनच्या नेहमीच्या रचनेत दोन्ही सर्व्हरांवर वाचता येईल अशा रूपात पडलेले असते. चालवणाऱ्याने ठरवले तर तो ते वाचू शकतो. पुसण्याचे काय होते ते वर सांगितलेच आहे. विद्यार्थ्यांचे फोटो, गुण, घरच्या अडचणी यांना तिथे जागा नाही.

वर्गात करून पाहा

हे सारे चिठ्ठ्यांवर खेळता येते. संगणक लागत नाही. वर्गाचे पाच गट करा. प्रत्येक गट म्हणजे एक सर्व्हर. प्रत्येक गटाला एक नियामक आणि एक वही. गटाने आपले दोन-तीन नियम ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. पाचही गटांचे नियम सारखे असायची गरज नाही. मग प्रत्येक मुलाने दुसऱ्या गटांतली दोन मुले 'फॉलो' करायला निवडायची.

कुणी संदेश लिहिला की तो आपल्या नियामकाकडे द्यायचा. ज्या ज्या गटांत त्या मुलाचे अनुयायी असतील तिथे नियामक नक्कल पाठवतो, आणि तिथला नियामक ती आपल्या वहीत उतरवून घेतो. मुलांनी वाचायचे ते आपल्याच गटाच्या वहीतून. दहा मिनिटे असे चालू द्या. नंतर एका गटातल्या दोघांना बाजूला घेऊन सांगा, की आता मिनिटागणिक तीच एक ओळ सगळ्यांना पाठवत राहा. बाकीचे गट काय करतात ते पाहा, मध्ये बोलू नका. कुणी फक्त त्या दोघांना अडवतो, कुणी अख्ख्या गटाला. अख्ख्या गटाला अडवले की त्या गटातली निरपराध मुले थोड्या वेळाने उठून येतात आणि भांडतात. हे भांडण हाच खरा पाठ, तेव्हा त्याला वेळ द्या.

शेवटी त्या अडवलेल्या गटातल्याच एखाद्या मुलाला त्याची अगदी पहिली चिठ्ठी मागे घ्यायला सांगा. त्याच्या नियामकाने इतर चारही गटांना तसा निरोप द्यायचा. मग चारही वह्या मागवा आणि किती वह्यांत ती ओळ खोडलेली आहे ते मोजा. आमच्या वर्गात तीन वह्यांत खोडलेली निघाली. चौथ्या वहीत ओळ तशीच होती. का, म्हणून विचारले तर तिथला नियामक म्हणाला, "बाई, त्यांच्याशी आमचं बंद आहे. त्यांचा निरोप आम्ही घेतलाच नाही."